टीव्हीवर माणसं जाडी दिसतात, स्कोअर कापला जातो, काळे पट्टे येतात: बोर्ड बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी जुना २९ इंची पिक्चर ट्यूबवाला टीव्ही काढून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. केबलचा बॉक्स जुनाच आहे. आता बातम्या सांगणारे सगळे जाडे आणि बुटके दिसतात. काही चॅनेलांवर चित्राच्या चारी बाजूंनी काळं दिसतं. क्रिकेटमधली स्कोअरची पट्टी खालून अर्धी कापली जाते. नवे सिनेमे वर-खाली पट्टे घेऊन येतात. लॅपटॉप जोडला की खालची टास्कबार गायब. सासऱ्यांचं म्हणणं, एवढे पैसे मोजले तर पूर्ण पडदा भरलाच पाहिजे. गावातला मेकॅनिक म्हणतो बोर्ड बदलावा लागेल. बदलावा का?

ताई, बोर्ड बदलू नका. तुम्ही सांगितलेल्या पाच तक्रारींपैकी एकही बोर्डाची नाही. पाचांचं कारण मात्र एकच नाही. त्यामुळे रिमोटवरचं एक बटण दाबलं की एक गोष्ट सुधारते आणि दुसरी बिघडते, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्यानेच काहीतरी करून ठेवलं.

चित्र स्टुडिओतून निघून तुमच्या भिंतीवर पोचेपर्यंत त्याच्या आकाराला हात लावणारे तिघं असतात: चॅनेल, सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही. तिघांकडेही चित्र ताणायची, दाबायची, कापायची सोय आहे, आणि आधीच्याने काय केलंय हे पुढच्याला बहुतेक वेळा कळत नाही. बॉक्सने आक्रसलेलं चित्र टीव्ही ताणतो, नाहीतर बॉक्सने ताणलेलं टीव्ही आणखी कापतो. इलाज एकच: आकार ठरवण्याचं काम एकाकडे द्यायचं आणि बाकीच्यांना हात लावू द्यायचा नाही. माझ्या मते ते काम बॉक्सला द्यावं. का, ते पुढे सांगतो.

आधी थोडं गणित, कारण सासऱ्यांना समजवायला तेच उपयोगी पडेल. जुना टीव्ही ४:३ चा होता, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं त्यावर जे जे चित्रित झालं ते सगळं याच मापाचं. नवा टीव्ही १६:९ चा. हे माप सिनेमाचंही नाही आणि जुन्या टीव्हीचंही नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या चित्रपट-दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेत केर्न्स पॉवर्स यांनी त्या वेळी वापरात असलेल्या सगळ्या मापांचे आयत एकमेकांवर ठेवून मधला आकार काढला. रुंदीला उंचीने भागलं तर एका टोकाला १.३३ चा जुना टीव्ही, दुसऱ्या टोकाला २.३५ चा सिनेमास्कोप, म्हणजे थिएटरातला खूप रुंद सिनेमा. या दोहोंच्या गुणाकाराचं वर्गमूळ १.७७ येतं, आणि १६ भागिले ९ म्हणजे १.७८. थोडक्यात, १६:९ ही तडजोड आहे. जुनं चित्र आलं तर बाजूला जागा उरणार, स्कोप सिनेमा आला तर वर-खाली उरणार, हे ते माप ठरवतानाच मान्य केलेलं होतं.

तुमच्या ४३ इंची पडद्याची रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर, उंची साधारण साडेत्रेपन्न. त्यावर ४:३ चं चित्र न ताणता दाखवलं तर ते ७१ सेंटिमीटर रुंद होतं आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटरचे पट्टे उरतात. स्कोप सिनेमा दाखवला तर चित्राची उंची चाळीस सेंटिमीटरच्या आसपास आणि वर-खाली सात-सात सेंटिमीटर काळं. एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत: ३२ इंची टीव्हीवर ४:३ चं चित्र कर्णात मोजलं तर २६ इंचांचं भरतं. म्हणजे २९ इंची डबा काढून ३२ इंची चपटा घेणाऱ्याला जुना कार्यक्रम आधीपेक्षा किंचित लहानच दिसतो. तुम्ही ४३ घेतलात, तिथे तो ३५ इंचांचा दिसतो. सासऱ्यांना हा आकडा सांगून बघा.

आता दोष कोणाकडे आहे ते शोधायची रीत. अवजार काही लागत नाही, दोन रिमोट पुरेत.

टीव्हीच्या रिमोटवरून टीव्हीचा मेनू उघडा. हा मेनू टीव्ही स्वतः काढतो, त्याचा बॉक्सशी काही संबंध नाही. तो पूर्ण दिसत असेल, अक्षरं सरळ असतील, कडा कापल्या नसतील, तर पॅनेल, म्हणजे पडदा स्वतः, आणि बोर्ड ठीक आहेत. मेकॅनिकचा मुद्दा इथेच संपतो. मग बॉक्सच्या रिमोटवरून बॉक्सचा मेनू किंवा चॅनेलांची यादी उघडा. ती बॉक्स काढतो. ती ताणलेली किंवा कापलेली दिसत असेल तर गडबड बॉक्स आणि टीव्ही यांच्या मधे आहे. बॉक्सचा मेनू व्यवस्थित आणि मागचं चॅनेलचं चित्र तेवढं जाडं, असं असेल तर बॉक्सची चॅनेलबद्दलची सेटिंग चुकली आहे किंवा चॅनेलच तसं पाठवतंय. त्यासाठी चार-पाच चॅनेलं फिरवून बघा. एकाच चॅनेलवर बिघाड असेल तर तुमच्या घरात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. प्रत्येक चॅनेलच्या सिग्नलमधे 'मी ४:३ आहे' किंवा 'मी १६:९ आहे' अशी खूण असते आणि बॉक्स तिच्यावर विश्वास ठेवतो. चॅनेलने खूणच चुकीची लावली तर बॉक्स बिचारा काय करणार!

जाडं दिसतंय की नुसता भास होतोय अशी शंका असेल तर गोल शोधा. चॅनेलच्या बोधचिन्हातलं वर्तुळ, घड्याळाची तबकडी, समोरून दाखवलेलं गाडीचं चाक. चित्र थांबवता येत असेल तर थांबवा, आणि पडद्याला न दाबता फूटपट्टी धरा. १५ सेंटिमीटर उंच गोल २० सेंटिमीटर रुंद भरला तर ४:३ चं चित्र १६:९ भर ताणलंय. उलट रुंदी सव्वाअकराच भरली तर १६:९ चं चित्र ४:३ मधे दाबलंय, त्यात माणसं उंच आणि किडकिडीत दिसतात. माणसांच्या चेहऱ्यावरून ठरवू नका. महिनाभर ताणलेलं बघितलं की डोळा तेच खरं मानायला लागतो आणि दुरुस्त केल्यावर उलटी तक्रार येते की आता सगळे आजारी दिसतात. ही तक्रार दुकानात हमखास येते.

तुमच्याकडे निवेदक जाडे आणि काही चॅनेलांवर चारी बाजूंनी काळं, या दोन लक्षणांवरून बॉक्स अजून जुन्या टीव्हीच्या हिशेबाने चालतोय असं दिसतं. तुमचा बॉक्स आला तेव्हा समोर २९ इंची डबा होता. बसवणाऱ्याने टीव्हीचा प्रकार ४:३ ठेवला आणि तेव्हा ते बरोबरच होतं. टीव्ही बदलला, सेटिंग तीच राहिली. बॉक्सच्या मेनूत 'सेटिंग्ज', मग 'डिस्प्ले', 'व्हिडिओ' किंवा 'टीव्ही सेटिंग' असं काहीतरी असतं. तिथे बहुतेक ठिकाणी हे पर्याय मिळतात: ४:३ लेटरबॉक्स, ४:३ पॅन अँड स्कॅन, १६:९, आणि कधी ऑटो.

लेटरबॉक्सवर असताना बॉक्स रुंद चॅनेलला ४:३ च्या चौकटीत बसवायला त्याची उंची कमी करतो आणि वर-खाली काळं भरतो. ती चौकट टीव्हीने तशीच ४:३ दाखवली तर बाजूलाही काळं येतं. हेच तुमचं 'चारी बाजूंनी काळं'. ७५ टक्के रुंदी आणि ७५ टक्के उंची, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम ५६ टक्के. ४३ इंची टीव्हीवर तुम्ही ३२ इंची चित्र बघताय. आणि तीच चौकट टीव्हीने ताणली तर वर-खाली पट्टे आणि मधे जाडी माणसं असा दुहेरी प्रकार होतो. पॅन अँड स्कॅनवर असताना बॉक्स डाव्या-उजव्या कडाच कापून टाकतो, मग बातम्यांच्या पट्टीतला पहिला आणि शेवटचा शब्द दिसत नाही, चॅनेलचं बोधचिन्ह अर्धं जातं. अशी अर्धी बोधचिन्हं बघत वर्षं काढलेली घरं मला माहीत आहेत. त्यांना वाटतं चॅनेलनेच तसं केलंय.

म्हणून पहिलं काम: बॉक्सवर १६:९ लावा.

दुसरं काम बॉक्सच्या मागे. टीव्हीपर्यंत कोणती वायर गेलीय ते बघा. लाल-पांढरी-पिवळी अशी तीन पिनांची एव्ही वायर असेल तर चित्र पिवळ्या पिनेतून ५७६ ओळींच्या जुन्या दर्जाचंच येतं. बॉक्स एचडी असो, पॅकेज एचडी असो, त्या पिवळ्या वायरीतून एचडी जात नाही. एचडीचे पैसे भरून एव्ही वायरीवर बघणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. बॉक्सला एचडीएमआयचं चपटं भोक असेल तर त्या वायरीने जोडा. साधी दीड मीटरची वायर पुरते, सोन्याचा मुलामा वगैरे महागाच्या मागे लागू नका. बॉक्स जुना एसडीचा, म्हणजे एचडीच्या आधीच्या साध्या दर्जाचा असून त्याला एचडीएमआय नसेल तर केबलवाल्याला बॉक्स बदलून मागा. टीव्हीवर एवढा खर्च केल्यावर तेवढं करण्यासारखं आहे.

एचडीएमआय लावल्यावर बॉक्समधे 'रेझोल्यूशन' दिसेल: ५७६आय, ७२०पी, १०८०आय, कधी 'ऑटो' किंवा 'नेटिव्ह'. आकाराचं काम बॉक्सकडे द्या असं मी म्हणालो त्याचं कारण इथे आहे. ७२०पी आणि १०८०आय ही मापं मुळातच १६:९ ची. बॉक्स त्या मापात चित्र पाठवतो तेव्हा जुनं ४:३ चॅनेलही तो स्वतःच त्यात बसवून देतो, एकतर बाजूला काळं भरून किंवा ताणून. टीव्हीला आत काय आहे ते कळत नाही, त्याच्या दृष्टीने सगळंच १६:९. त्यामुळे टीव्हीवरचा 'ऑटो' अशा वेळी कामाचा नाही. बॉक्समधे 'पिलरबॉक्स', 'नॉर्मल' किंवा 'ओरिजिनल' असा पर्याय असेल तो घ्या. 'फुल', 'स्ट्रेच', 'झूम' घेऊ नका.

'नेटिव्ह'मधे चॅनेल जसं आहे तशा मापात बॉक्स पाठवतो आणि मोठं करायचं काम टीव्ही करतो. चांगल्या टीव्हीत ते काम बॉक्सपेक्षा सुबक होतं, हे खरं. पण चॅनेल बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, आणि बरेच टीव्ही प्रत्येक मापासाठी आकाराची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात. एचडी चॅनेलवर नीट केलं की एसडी चॅनेलवर पुन्हा जुनंच येतं. घरात वडीलधारी माणसं एकटी टीव्ही लावणार असतील तर १०८०आय पक्कं करून टाका. दर्ज्यातला तो फरक तुम्हाला बारा फुटांवरून दिसणार नाही. सारखा बदलणारा आकार मात्र दिसतो.

आता टीव्हीकडे. रिमोटवर 'पिक्चर साइज', 'ॲस्पेक्ट', 'वाइड', 'झूम' अशा नावाचं बटण असायचं. हल्लीच्या रिमोटांवर नसतं, मेनूत शिरावं लागतं. तिथे १६:९ किंवा 'फुल' ठेवा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. बाकीचे पर्याय काय करतात ते एवढ्यासाठी सांगतो की चुकून लागले तर ओळखता यावेत. 'झूम' ४:३ चं चित्र सगळीकडून मोठं करून वरचा आणि खालचा प्रत्येकी साडेबारा टक्के भाग बाहेर ढकलतो. माणसं बेढब होत नाहीत, पण डोकी उडतात आणि खालची बातम्यांची पट्टी जाते. 'पॅनोरमा' किंवा 'वाइड झूम' जातीचे प्रकार जास्त लबाड आहेत. ते मधला भाग जवळजवळ तसाच ठेवून कडा जास्त ताणतात, त्यामुळे मधे बसलेला निवेदक ठीक दिसतो आणि फसायला होतं. खाली सरकणाऱ्या मराठी बातमीकडे बघा: अक्षर उजव्या कडेला रुंद निघतं, मधे येता येता सडपातळ होतं आणि डावीकडे जाताना पुन्हा फुगतं. शिरोरेघ सलग असल्यामुळे आपल्या लिपीत हे पटकन लक्षात येतं. कॅमेरा आडवा फिरला की सगळं दृश्य रबरासारखं हलतं. हा प्रकार दिसला की लगेच बंद करा.

'ऑटो वाइड' किंवा तत्सम पर्यायही बंदच बरा. त्यात काही टीव्ही काळे पट्टे मोजून आपणहून झूम करतात. सिनेमात रात्रीचा प्रसंग आला, पडद्याच्या कडा अंधारल्या, की त्याला वाटतं पट्टे आले, आणि चित्र मधेच उडी मारून मोठं होतं. जाहिराती लागल्या की परत लहान. लोक याला सिग्नलचा प्रॉब्लेम समजून केबलवाल्याला शिव्या घालतात.

स्मार्ट टीव्हीच्या आतल्या ॲपमधे, म्हणजे यूट्यूब वगैरेत, हा मेनू बहुतेक करडा झालेला असतो, निवडता येत नाही. तो बिघाड नाही. ॲप स्वतः आकार ठरवतं.

क्रिकेटच्या स्कोअरचं प्रकरण निराळं आहे. त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात आणि त्याचं मूळ पिक्चर ट्यूबमधे आहे. ट्यूबच्या टीव्हीत चित्राची कड कधी सरळ नसायची. व्होल्टेज कमी-जास्त झालं, ट्यूब जुनी झाली, की चित्र थोडं आक्रसायचं किंवा फुगायचं. ती वाकडी कड गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून कंपन्या चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा थोडं मोठं ठेवायच्या, म्हणजे कडा चौकटीमागे जायच्या. चॅनेलवालेही ते धरून अक्षरं कडेपासून आत ठेवायचे. आता एलईडी पॅनेलमधे पिक्सेल मोजून बसवलेले असतात, कड पट्टीने आखल्यासारखी सरळ, ओव्हरस्कॅनची गरज काडीची नाही. तरी सवय गेली नाही. बरेच टीव्ही डब्यातून निघतात तेच प्रत्येक कडेचे दोन-तीन टक्के कापून. तुमच्या टीव्हीवर अडीच टक्के म्हणजे बाजूला सुमारे अडीच सेंटिमीटर आणि खाली सव्वा. स्कोअरची पट्टी कडेला अगदी चिकटवलेली असेल तर तिची खालची ओळ गेली.

हे बंद करायची सेटिंग प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असते. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमधे 'फिट टू स्क्रीन' किंवा जुन्या मॉडेलात 'स्क्रीन फिट', सोनीत 'डिस्प्ले एरिया'खाली 'फुल पिक्सेल', पॅनासोनिकमधे 'ओव्हरस्कॅन' सरळ बंद करता येतो. स्थानिक बनावटीच्या टीव्हीत 'डॉट बाय डॉट', 'पॉइंट टू पॉइंट' असलं नाव शोधा. बॉक्स ५७६आयवर असेल तर बऱ्याच टीव्हींत हा पर्याय करडा राहतो, म्हणून आधी बॉक्सचं १०८०आय करा आणि मगच इथे या. क्रम उलटा झाला की लोक म्हणतात 'आमच्या टीव्हीत ती सोयच नाही'. ओव्हरस्कॅन बंद केल्यावर एखाद्या एसडी चॅनेलवर वरच्या कडेला पांढऱ्या तुटक रेघा लुकलुकताना दिसल्या तर घाबरू नका. जुन्या पद्धतीच्या प्रसारणात चित्राच्या वरच्या ओळींमधे इतर माहिती भरलेली असते, ती उघडी पडते एवढंच.

लॅपटॉपची टास्कबारही ओव्हरस्कॅनमुळेच जाते. १०८० ओळींच्या अडीच टक्के म्हणजे २७ ओळी, आणि विंडोज १० ची टास्कबार ४० ओळींची. अर्ध्याहून अधिक गेली. ज्या एचडीएमआय भोकात लॅपटॉप लावता त्या इनपुटसाठी वरची सेटिंग पुन्हा करावी लागेल, कारण टीव्ही प्रत्येक भोकाचं वेगळं लक्षात ठेवतो. काही टीव्हींत त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' ठेवलं की टीव्ही आपोआप काटछाट थांबवतो आणि अक्षरंही जास्त ठळक होतात. नाव बदलून काय होणार असं वाटतं, पण करून बघा. हे टीव्हीवरच करा. लॅपटॉपमधे ग्राफिक्सच्या सेटिंगला जाऊन चित्र लहान करायची पट्टी असते, ती ओढूनही टास्कबार दिसायला लागते, पण मग लॅपटॉप लहान करणार आणि टीव्ही मोठं करणार, आणि अक्षरं धूसर होणार. पुन्हा दोन हात आलेच. उलट तक्रारही येते, लॅपटॉपच्या चित्राभोवती सगळीकडून काळी चौकट राहते. विशेषतः एएमडी कंपनीच्या ग्राफिक्समधे 'एचडीएमआय स्केलिंग' नावाची पट्टी असते, ती शून्यावर आणली की चित्र कडेपर्यंत जातं. फायर टीव्ही स्टिकमधे 'डिस्प्ले'खाली 'कॅलिब्रेट डिस्प्ले' आहे, त्यात चार कोपऱ्यांतल्या खुणा पूर्ण दिसतात का ते बघायचं. तिथेही नियम तोच: आधी टीव्हीचं ओव्हरस्कॅन बंद, मग स्टिक.

३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही असणाऱ्यांसाठी एक टीप. त्यातल्या बऱ्याच पॅनेलांत १३६६ गुणिले ७६८ पिक्सेल असतात. टीव्हीच्या कोणत्याच सिग्नलशी ते जुळत नाहीत, ना ७२०शी, ना १०८०शी. चित्र मोजून-मापून बदलावंच लागतं. लॅपटॉपची अक्षरं तिथे कितीही खटपट केली तरी थोडी मऊ दिसतात. लॅपटॉपच्या यादीत १३६० गुणिले ७६८ मिळालं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

नव्या सिनेमांचे वर-खाली पट्टे तसेच राहू द्या. सिनेमा थिएटरात २.३९ च्या मापात दाखवायला काढलाय. झूम करून पट्टे घालवले तर दोन्ही बाजूंचा मिळून जवळपास चतुर्थांश भाग जातो, आणि दोघांच्या संवादात एकाचं नाकच दिसतं. जुन्या मराठी सिनेमांत, प्रभातच्या काळापासून पन्नाशीच्या दशकापर्यंत, पडद्याचं माप १.३७ होतं, म्हणजे जवळजवळ ४:३. ते बाजूला पट्टे घेऊनच येणार आणि तसेच बघायला हवेत. खरा राग येतो तो काही चॅनेलं आणि ऑनलाइन चढवणारे जुने सिनेमे १६:९ मधे कापून किंवा ताणून दाखवतात तेव्हा. कापलेलं परत येत नाही, नाचणाऱ्यांचे पाय गेले ते गेले. पण ताणलेलं परत आणता येतं: चित्र पडदाभर आहे, गोल मोजून जाडा भरतोय, तर तेवढ्यापुरता टीव्ही ४:३ वर करा. सगळं दाबलं जाऊन बरोबर मापात येईल. कार्यक्रम संपला की परत १६:९ करायला मात्र विसरू नका.

सासऱ्यांचं काय? त्यांना पट्टे सहनच होत नसतील तर काही टीव्हींत १४:९ नावाचा पर्याय किंवा हाताने कमी-जास्त करायचा 'कस्टम' झूम असतो. त्यात थोडं वर-खाली कापायचं, थोडे पट्टे ठेवायचे. ब्रिटनमधे रुंद प्रसारण सुरू झालं तेव्हा हाच मध्यम मार्ग चॅनेलांनीच वापरला होता. ताणण्यापेक्षा हे बरं. तुमचा टीव्ही साधा एलईडी असेल तर पट्ट्यांनी पडद्याला काही होत नाही. ओएलईडी असेल, किंवा कोणाकडे जुना प्लाझ्मा असेल, तर मात्र दिवसभर रोज ४:३ चं चॅनेल चालू ठेवू नये. मधला भाग झिजतो, पट्ट्यांखालचा नाही, आणि पुढे पूर्ण चित्रात दोन उभ्या कडा उमटलेल्या दिसू शकतात. न हलणाऱ्या बोधचिन्हाचंही तेच.

आता बोर्ड खरंच कधी दोषी असतो? टीव्हीचा स्वतःचा मेनूही कापला जात असेल, अर्धा पडदा वेगळ्या रंगाचा असेल, उभ्या रेघा असतील किंवा चित्र दोनदा दिसत असेल, तर ते पॅनेलचं किंवा त्याला सिग्नल पुरवणाऱ्या भागाचं काम आहे. कोणतीही सेटिंग त्याला पुरी पडणार नाही. आणि एक खास आपल्याकडचा प्रकार: टीव्ही दुरुस्त होऊन आल्यापासून चित्र उलटं दिसतं, आरशातल्यासारखं, किंवा एका बाजूने कापलं जातं, किंवा रंग विचित्र होतात. कंपनीचा बोर्ड मिळाला नाही म्हणून बाजारातला युनिव्हर्सल बोर्ड टाकलेला असतो आणि त्यात तुमच्या पॅनेलच्या मापाचं सॉफ्टवेअर भरलेलं नसतं. १३६६ चं पॅनेल आणि १९२० चं सॉफ्टवेअर असा जोडा लागला की आकार बिघडणारच. त्याच मेकॅनिककडे परत जा आणि पॅनेलच्या मागच्या चिठ्ठीवरचा नंबर बघून त्याप्रमाणे सॉफ्टवेअर टाकायला सांगा. त्याचे वेगळे पैसे देऊ नका. रिमोटवर आकड्यांची गुप्त जुळणी दाबून सर्व्हिस मेनू उघडायचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. त्यात पॅनेलचा प्रकार चुकून बदलला तर पडदा काळा होतो आणि परत बदलायला मेनूच दिसत नाही. वॉरंटीतल्या टीव्हीवर तर हा उद्योग अजिबात करू नका.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून पेन ड्राइव्ह करून घेतला, त्यातही सगळे जाडे दिसतात. कॅसेट ४:३ ची होती आणि स्टुडिओवाल्याने फाइल करताना १६:९ चा साचा लावून ती ताणली असणार. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममधे उघडा आणि कीबोर्डवरचं ए दाबत राहा, प्रत्येक वेळी माप बदलतं, ४:३ आलं की थांबा. तिथे माणसं नीट दिसली तर चित्राचं काही कापलेलं नाही, फक्त ताणलंय. टीव्हीला लावताना तेवढ्यापुरतं टीव्हीवर ४:३ करून भागेल. पण पेन ड्राइव्ह वाजवताना सगळेच टीव्ही ती सोय देत नाहीत. म्हणून कॅसेट अजून स्टुडिओत असेल तर त्याला स्पष्ट सांगा: ७२० गुणिले ५७६, ४:३, न ताणता, न कापता, आणि फाइल एमपी४ मधे. कॅसेट परत आणली असेल तर तीच घेऊन पुन्हा जा. ताणलेली फाइल दुसऱ्यांदा दाबण्यापेक्षा मूळ कॅसेटवरून नव्याने केलेली चांगली दिसते. फक्त कॅसेटमधल्या फितीला बुरशी आलेली नाही ना ते आधी बघायला सांगा. बुरशी असेल तर ती साफ केल्याशिवाय कॅसेट यंत्रात घालू देऊ नका.